लोखंड न लागलेलं रान

सन दोन हजार तेवीस. मला बहात्तर पुरी होऊन त्र्याहत्तरावं लागलं होतं, आणि तोवर मी नांदेडच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं. शाळा चौथीपर्यंत. काना-मात्रा चुकतात त्या मंदा नीट करते. मंदा म्हणजे माझी सून. हे लिहायलाही तिनंच बसवलं. म्हणाली, "मामा, जो येतो तो काशी कशी होती विचारतो, आन तुम्ही प्रत्येकाला निराळीच काशी सांगता. एकदाची लिहून काढा."

मी काशीला देवासाठी गेलो असं गावाला वाटतं. पण लिहायचंच तर खरं लिहावं. मी गेलो भांडणापायी.

आमचं परभणीकडं सहा एकर काळं रान आहे. मुलगा गोविंद एसटीत कंडक्टर, आठवड्यातून दोन दिवस घरी. रान बघते मंदा. पण रानात काय करायचं ते सांगायचो मी. सोयाबीन निघालं की नांगरट, नांगरटीवर गहू, हे ठरलेलं. त्या साली सोयाबीन काढल्यावर मंदा म्हणाली, "दोन एकर मला सोडा. पाच वर्षं त्यात नांगर घालायचा नाही. धसकटं तशीच ठेवून त्यातच पेरायचं. आन गव्हावर गहू नाही. एक साल गहू, एक साल हरभरा. क्रॉप रोटेशन."

मी म्हणलं, "मी जित्ता आहे तोवर माझ्या रानात न नांगरता पेर व्हायची नाही."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "मग मी रान बटईनं देते. दुसऱ्याच्याच डोक्यानं राबायचं तर शिवणाच्या मशीनवर राबेन. सावलीत तरी बसेन."

आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. पण तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली, आणि मला कळलं की ही बोलली तसं करणार. रान बटईनं गेलं म्हणजे आपल्याच बांधावर परक्याला विचारून बसायचं.

आता नांगराचं मला एवढं काय, ते सांगतो, नाहीतर मी नुसताच अडमुठा ठरेन. पंधराव्या वर्षी मी सहा बैलांचा लोखंडी नांगर धरला. माझा तास, म्हणजे नांगरानं मातीत पडणारी रेघ, दोरी लावल्यासारखा सरळ जायचा. बांधावरून जाणारी माणसं थांबून बघायची. त्यातला एक माणूस दुपारी आमच्या घरी आला, पाणी प्याला आणि वडिलांना म्हणाला, "माझी एक लेक आहे." त्यानं आमचं घर बघितलं नाही, जमीन किती विचारली नाही, तास बघितला. तो माझा सासरा. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. आता बैल नाहीत, ट्रॅक्टर येतो, पण तो तास वाकडा घेतो का सरळ, ते बघायला मी अजून बांधावर उभा असतो. मग सुनेनं एक दिवस म्हणावं, नांगर नको, तर कसं वाटेल?

मंदाचा मावसभाऊ श्रीधर काशीत असतो. शहराबाहेरच्या एका सरकारी शेतावर नोकरीला. त्या शेतावर बावीस वर्षं न नांगरलेलं रान आहे, असं मंदा सांगायची. "एकदा डोळ्यांनी बघून या, मग नाही म्हणा. ट्रॅक्टरवाल्याला मी शुक्रवारपर्यंत थांबवते." मी मनात म्हणलं, जातो, बघतो आणि तिथूनच नाही म्हणतो. रेल्वेचं काय लिहायचं? बसलो आणि उतरलो.

दूधविनायक

श्रीधर दूधविनायकाजवळच्या एका गल्लीत भाड्यानं राहतो. गल्ली एवढी अरुंद की समोरून बैल आला तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. आणि बैल येतातच. काशीतले बैल बघून माझा जीव वरखाली झाला. काय एकेक जनावर! वशिंड हंड्याएवढं, पाठ खाटेसारखी, आणि काम काय, तर गल्लीत आडवं बसायचं. एकाच्या मानेवरून मी हात फिरवला. जुवाचा घट्टा नाही. जन्मात मान वाकवलेली नाही. त्यानं माझ्याकडं अशी नजर टाकली की या माणसाला काही उद्योग आहे की नाही!

श्रीधरची बायको-पोरं दिवाळीला गावी गेलेली, म्हणून जेवण घरमालकीण माईंकडं. माईंचं घराणं सात पिढ्या काशीत. बोलतात मराठी, पण त्यात हिंदी अशी येते जशी डाळीत हळद.

"बसा ना, आरामात बसा. रास्त्यात तकलीफ नाही न झाली? आधी पाणी घ्या, मग चाय."

वरण वाढलं. हिंगाची फोडणी, वरून तूप. मी म्हणलं, "तुरीचं वरण अगदी घरच्यासारखं झालंय."

"तूर नाही, अरहर आहे," माई म्हणाल्या.

"अरहर म्हणजेच तूर, माई," श्रीधर म्हणाला.

"असेल तुमच्याकडं. आमच्याकडं अरहर."

ही बाई आपल्या जातकुळीची, हे मी तिथंच ओळखलं. मान्य करणार, पण हरणार नाही.

जेवताना श्रीधर म्हणाला, "मामा, मंदाताई जे क्रॉप रोटेशन म्हणते ना, ते काही नवीन नाही. तो आपला बेवड."

माईंचा पळा वरणात पडला. "कोण बेवडा? श्रीधर, या घरात कधी कुणी थेंब घेतला नाही! पाव्हण्यांसमोर काय बोलतोस!"

श्रीधरला ठसका लागला. मग मीच सांगितलं, "बेवडा नाही, बेवड. रानात आधी कोणतं पीक होतं, त्याचा पुढच्या पिकाला जो गुण लागतो, तो बेवड. हरभऱ्याच्या बेवडावर गहू चांगला येतो."

माईंनी विचार केला. "अच्छा. म्हणजे आधीचा किरायेदार खोलीत काय ठेवून गेला, ते."

"तेच."

"तर मग सरळ सांगायचं. वो तो हमको मालूम है. एक किरायेदार होता, चार साल राहिला, जाताना खिडकीत तुळस लावून गेला. आणि दुसरा खिडकीच काढून घेऊन गेला."

मी हसलो, आणि घास ताटात ठेवला. माझे वडील बेवड पाळायचे. एक साल ज्वारी, एक साल हरभरा, कधी करडई. विहिरीला पाणी लागलं आणि मी ते सोडलं. गव्हावर गहू, गव्हावर गहू. मंदानं इंग्रजी शब्द वापरला म्हणून मी तिला आठ दिवस हसत होतो, आणि ती माझ्याच बापाची रीत मला सांगत होती. हे मी त्या दोघांना सांगितलं नाही.

संध्याकाळी मंदाचा फोन आला. "जेवलात का मामा?" म्हणाली. बाकी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पंचगंगेवर

दुसरा दिवस देवाचा ठेवला. सकाळी श्रीधरनं मलइयो खाऊ घातला. मातीच्या कुल्हडात पिवळा फेस. थंडीच्या दिवसांतच मिळतो. तोंडात घातला आणि काहीच उरलं नाही, नुसती केशराची चव. मी म्हणलं, "अरे, ही हवा दिली त्यानं." विकणारा मराठी समजत नव्हता, पण माझं तोंड बघून त्यानं कुल्हड पुन्हा भरला. आमच्याकडं खाणं म्हणजे दाताला काम पाहिजे. पण मी तीन कुल्हड खाल्ले, हेही लिहितो.

मंगळागौरीचं दर्शन घेतलं. तिन्हीसांजेला पंचगंगा घाटावर बसलो. कार्तिक चालला होता. उंच वेळूच्या टोकाला टोपल्या टांगून त्यात दिवे लावलेले. पितरांना वाट दिसावी म्हणून म्हणतात. शेजारच्या पायरीवर नाशिककडची एक बाई बसली होती. तिनं विचारलं, "तुमचा दिवा कुणासाठी?" मी म्हणलं, "बापासाठी." तोवर मी दिवा लावलेला नव्हता. मग उठून लावला.

सरकारी रान

बुधवारी श्रीधर मला मोटारसायकलवर शेतावर घेऊन गेला. शहर संपलं आणि सपाट मुलूख लागला. एक दगड दिसेल तर शपथ. माती पिवळट, हातात घेतली तर पिठासारखी. भात नुकताच निघालेला. श्रीधरनं मला एका लिंबाखाली बाजेवर बसवलं. "साहेबांच्या सह्या घेऊन येतो, मग सगळं दाखवतो. चहा येईल." आणि गेला.

चहा आला, पिऊन झाला, श्रीधर येईना. समोर रानाच्या लांब पट्ट्या होत्या. डावीकडची नांगरून, कुळवून अशी तयार केलेली, की हात फिरवावा. मनात म्हणलं, वा! आणि तिला लागून उजवीकडची पट्टी, भाताची धसकटं तशीच उभी, खाली पेंढा पसरलेला, कडेनं तण. मला वाटलं, हे कुणातरी आळशाच्या वाट्याला आलेलं दिसतं. पाटी होती, पण इंग्रजीत.

आता माझा स्वभाव सांगतो. दुसऱ्याच्या रानातलं तणसुद्धा मला बघवत नाही. लग्नाला गेलो तरी मांडवामागचा बांध खुरपून येणारा मी माणूस. कुदळ लिंबाला टेकवलेली होती. म्हणलं, बसून काय करायचं, जेवढं होईल तेवढं करू, गरिबाचं काम हलकं होईल.

पहिलाच घाव घातला आणि हात थबकला. कुदळ अडलीच नाही. वरून इतकं टणक दिसणारं रान, त्यात ती पार दांड्यापर्यंत गेली. ढेकूळ उलटलं तर आत भोकंच भोकं, जुन्या मुळ्यांच्या वाटा, आणि गांडुळं. एका ढेकळात सात-आठ. वास असा आला जसा लहानपणी आमच्या उकिरड्याखालच्या मातीला यायचा. माझ्या हाताला तेव्हाच कळलं होतं की इथं काहीतरी निराळं आहे. पण हाताचं डोक्यानं ऐकलं नाही. मी खणत राहिलो. खाटेएवढा तुकडा चांगला उलटापालटा केला, तण वेचून बांधावर ठेवलं आणि कंबर सरळ केली.

"ए बाबूजी! रोका! रोका!"

एक म्हातारा धावत येत होता. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान असेल. हा रामधनी, त्या पट्ट्या सांभाळणारा. आला, खणलेल्या जागेपाशी थांबला आणि मटकन खाली बसला. ओरडेल वाटलं होतं. त्यानं फक्त मातीवर हात ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात.

"ई का कइला, बाबूजी?" म्हणाला. "बाईस बरिस से ई माटी में लोहा नाहीं लगल रहल."

बावीस वर्षं त्या मातीला लोखंड लागलं नव्हतं, आणि ते मी लावलं. ज्या रानाला बघायला मी एवढ्या लांबून आलो होतो तेच रान मी खणलं होतं.

श्रीधर आला. मी कुदळ धरून उभाच होतो. मला कुणी रागावलं तर मी दुप्पट रागावतो, त्याची मी तयारी करून ठेवली होती. पण श्रीधर जागा बघून म्हणाला, "चूक माझी मामा. मी आधी दाखवायला पाहिजे होतं." त्या बोलण्यानं माझी तयारी सगळी वाया गेली.

मग त्यानं चार खुंट्या मागवल्या आणि त्या तुकड्याभोवती सुतळी बांधली. इथून पुढं तेवढ्यातलं पीक मोजणीत धरायचं नाही. रामधनी गुडघ्यावर बसून ढेकळं एकेक करून परत बसवू लागला, वरची बाजू वर, खालची खाली. मीही त्याच्या समोर बसलो. त्यानं माझा हात दोनदा बाजूला केला. तिसऱ्यांदा केला नाही.

मी माझ्या हिंदीत विचारलं, "पहले जैसा कब होगा?"

"दस-बारह बरिस त लगबे करी."

"तब तक मैं नहीं रहूंगा."

"त हमहूँ कहाँ रहब!" तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. त्याला समोरचे दोन दात नव्हते, मला तीन नाहीत.

श्रीधरनं मग दोन काचेच्या पेल्यांत पाणी आणलं. एकात नांगरलेल्या पट्टीतलं ढेकूळ सोडलं, एकात मी खणलेलं. पहिलं बघता बघता विरघळलं, पेल्यात चिखल झाला. दुसरं तसंच बसून राहिलं, पाणी वरून स्वच्छ. मी बराच वेळ बघत होतो. रामधनी म्हणाला, "अउर देखा, साँझ तक अइसहीं रही." मला आमचं काळं रान आठवलं. मोठ्या पावसात बांधावरून वाहणारं काळं पाणी आठवलं. आम्ही म्हणायचो पाऊस फार झाला.

"गहू किती जास्त येतो यात?" मी विचारलं.

श्रीधर खोटं बोलत नाही, हे मी त्याचं सांगेन. "पहिली तीन-चार वर्षं उलट कमी आला मामा. तण वाढलं. सगळे म्हणाले बंद करा. मग सारखा यायला लागला. मग हळूहळू ही पट्टी पुढं गेली, आणि पाऊस कमी झाला त्या साली तर फारच. पण तीही बेवडामुळं. या पट्टीत मसूर येते, हरभरा येतो, उन्हाळ्यात मूग. ती पलीकडची बघा, तिथंही नांगर बंद आहे, पण दरसाल भात-गहू, भात-गहू. तिच्यात एवढा फरक पडला नाही. नुसता नांगर सोडून भागत नाही."

"आन आपल्या काळ्या रानात?"

"ते मी छातीवर हात ठेवून नाही सांगणार. माती निराळी. म्हणून तर ताई दोनच एकर मागते. सहा मागत नाही."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी सहा एकरांचं भांडण भांडत होतो, आणि तिनं मागितले होते दोन.

निघताना श्रीधरनं वहीत काही लिहिलं. मी म्हणलं, "काय लिहिलंस?"

"पाहुण्याकडून चुकून खणलं गेलं."

"पाहुण्याला नाव असतं. नाव लिही. आन चुकून नको. न विचारता, असं लिही."

"मामा, राहू द्या की."

"लिही."

त्यानं लिहिलं. खाली मी माझी सही केली, मराठीत, पूर्ण नावानिशी. साहेब श्रीधरला बोलणार होते, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, तरी तो मला मोटारसायकलवर नीट बसा म्हणत होता. बहात्तर वर्षांत मी "चुकलो" हा शब्द कुणाला म्हणलो नव्हतो, बायकोलाही नाही. सही केल्यावर वाटलं, फार काही अवघड नव्हतं. तिला म्हणायला पाहिजे होतं.

संध्याकाळी मंदाचा फोन आला. "जेवलात का मामा?"

"जेवलो," म्हणलं. खणल्याचं सांगितलं नाही. ती म्हणाली, "बरं. थंडी असेल, कानाला बांधा." माझ्यापायी तिचं रान बटईनं जायची वेळ आलेली, आणि तिला माझ्या कानांची पडली होती.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी एकटाच दशाश्वमेध घाटावर गेलो. बुडी मारली, अंग पुसलं आणि छत्रीखाली बसलेल्या एका गुरुजींसमोर जाऊन बसलो. टोपी बघून ते मराठीतच बोलले. "या बाबा. काशीला आलात, एक आवडती गोष्ट इथं सोडून जायची. काय सोडता? आणि कारलं म्हणू नका. महाराष्ट्रातून येतो तो कारलंच सोडतो. गंगामाईला कारल्याचा कंटाळा आलाय."

"नांगर," मी म्हणलं.

"ते काय? फळ की भाजी?"

"औत. रानात घालायचा नांगर."

गुरुजींनी माझ्याकडं नीट बघितलं. "औत सोडता येतं असं पोथीत नाही हो."

"येत नाही असं आहे का?"

त्यांनी डोकं खाजवलं. "तसंही नाही."

"मग सांगा पाणी सोडायला. पण पुरा नाही. दोन एकरांवरचा."

त्यांनी माझ्या ओंजळीत पाणी घातलं, नाव-गोत्र विचारलं, आणि दोन एकर संस्कृतात कसे म्हणायचे यावर अडले. मी म्हणलं, मराठीत म्हणा, गंगामाईला कळतं. ओंजळ रिकामी झाली.

तिथंच पायरीवर बसून फोन लावला.

"मंदा, ट्रॅक्टरवाल्याला सांग, चारच एकर. तुझे दोन सोडून. हरभरा घाल, गहू घाल, तुझं तू बघ. तीन वर्षं कमी आलं तरी मी काही बोलणार नाही. नांगर काशीत सोडलाय."

ती म्हणाली, आणि आवाज ओला होता, "मामा, काशीला सोडलेलं माघारी घेता येत नाही. ठाऊक आहे ना?"

"म्हणून तर इथं सोडला," मी म्हणलं. "गावात सोडला असता तर परवाच माघारी घेतला असता."